मानवी सुरक्षा: गस्त कुणाच्या वेळेवर घालायची?

मागच्या महिन्यात नाशिकमधल्या एका महाविद्यालयात शांतिसेनेतल्या अनुभवांवर बोलायला गेलो होतो. कार्यक्रम संपल्यावर राज्यशास्त्रात एम.ए. करणारी एक मुलगी थांबली. म्हणाली, "सर, मानवी सुरक्षा म्हणजे सैन्य नसलेली सुरक्षा का? आणि देशादेशांच्या, नाहीतर एकाच देशातल्या दोन फौजांच्या लढाईत तिचा खरंच काही उपयोग होतो, की ही नुसती अहवालांची भाषा आहे?" तेवढ्यात चहा आला, प्राचार्य आले, फोटो झाले आणि उत्तर राहून गेलं. ते आता तिलाच उद्देशून लिहितो. जरा लांबेल.

आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. मी तोफखान्यातला माणूस. उमेदीची वर्षं नकाशावर शत्रू शोधण्यात गेली. आता घर देवळाली कॅम्पात आहे. रेंजवर सराव असला की खिडक्या वाजतात, आणि आवाजावरून तोफ कुठली ते ओळखायची सवय अजून सुटलेली नाही. तिकडे ओझरला लढाऊ विमानं बनतात. नाशिक तसं राष्ट्रीय सुरक्षेचंच गाव म्हणायचं. त्यामुळे 'मानवी सुरक्षा' हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा, खरं सांगतो, मला तो सेमिनारवाल्यांचा शब्द वाटला होता. मत बदललं ते पूर्व काँगोत. तिथल्या उत्तर किवू प्रांतात संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत मी एक वर्ष काढलं. पुस्तकं त्यानंतर वाचली.

आमच्या तळापासून थोड्या अंतरावर विस्थापितांची छावणी होती. रोज दोन गस्ती निघायच्या, एक नाश्ता उरकून नऊला आणि दुसरी दुपारी तीनला. रस्ता मोकळा मिळायचा आणि नोंदवहीत 'विशेष काही नाही' असा शेरा पडायचा. महिनाभर असे स्वच्छ अहवाल वर जात होते. मग एकदा गस्तीसोबत दुभाषी म्हणून एक तरुणी आली. तोवरचे सगळे दुभाषे पुरुष होते. ती पाणवठ्यावर बायकांशी तासभर बोलत बसली, आणि आमचा ड्रायव्हर वैतागून हॉर्न वाजवत राहिला. परतताना तिने सांगितलं ते असं. या बायका पहाटे चारला सरपणाला निघतात, विरुंगाच्या जंगलाच्या कडेपर्यंत जातात. हल्ले होतात ते परतीच्या वाटेवर, मोळी पाठीवर आणि तिचा पट्टा कपाळावर असतो तेव्हा, कारण पळता येत नाही. सातच्या आत सगळ्या छावणीत परत आलेल्या असतात.

म्हणजे नऊला आम्ही ज्या रस्त्याची राखण करत होतो त्यावर राखायला कुणी नव्हतंच.

मी विचारलं, पुरुष का जात नाहीत? उत्तर आलं की पुरुष गेला तर त्याला मारून टाकतात, बाई निदान परत तरी येते. हे ज्या थंडपणाने सांगितलं गेलं तो मी विसरलेलो नाही.

पुढच्या आठवड्यापासून पहिली गस्त पहाटे साडेचारला निघू लागली. लंगरवाल्यांनी कुरकुर केली, कारण त्यांना तीनला उठून चहा टाकावा लागायचा. हल्ले थांबले असं मी म्हणणार नाही. त्या वाटेवर कमी झाले आणि काही दुसऱ्या वाटेवर सरकले. पण तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे. सैन्य तेच होतं, गाड्या आणि बंदुकाही त्याच होत्या. फक्त विचारण्याचा प्रश्न बदलला होता. आधी आम्ही विचारत होतो की रस्ता ताब्यात आहे का. नंतर विचारलं की इथल्या माणसाला दिवसाच्या कुठल्या तासाला, कुठल्या वाटेवर, कुणाची भीती वाटते.

घरी हे सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, आपल्या पेठ-सुरगाण्याकडे उन्हाळ्यात बाया रात्री विहिरीवर जातातच की, झऱ्याचं पाणी साचायची वाट बघत. खरं आहे. कष्ट तेच, रात्रही तीच. काँगोत त्याच वाटेवर बंदूकवाला उभा असतो, एवढा फरक. अभाव माणसाला घराबाहेर काढतो आणि भय त्याला वाटेत गाठतं. म्हणून या विषयात 'अभावापासून मुक्ती' आणि 'भयापासून मुक्ती' हे शब्द जोडीने येतात.

आता थोडी पोथी. 1994 च्या मानव विकास अहवालात संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने ही कल्पना पहिल्यांदा सविस्तर मांडली. त्यामागे डोकं होतं पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांचं. शीतयुद्ध संपलं होतं, आणि लष्करावरचा वाचलेला खर्च माणसांकडे वळावा असा त्यांचा आग्रह होता. अहवालात सुरक्षेचे सात पैलू दिले: आर्थिक, अन्नाची, आरोग्याची, पर्यावरणाची, व्यक्तिगत, समुदायाची आणि राजकीय. परीक्षेत हे सात लिहून गुण मिळतात. धोरण आखणाऱ्याच्या हाती मात्र सातांची यादी दिली की तो गोंधळतो, कारण यादीबाहेर काही उरतच नाही. रोलंड पॅरिस या अभ्यासकाने 2001 मध्ये हाच आक्षेप घेतला होता: ज्या शब्दात सगळं मावतं त्यावरून आधी काय करायचं ते ठरवता येत नाही. मला हा आक्षेप पटतो.

इथलंच उदाहरण घे. 2023 च्या नोव्हेंबरपासून येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले आणि कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जायला लागले. आपली द्राक्षं युरोपला नेमकी जानेवारीपासून निघतात. भाडं चढलं, प्रवास दीडेक आठवड्याने, कधी त्याहूनही जास्त लांबला. दिंडोरीचा माझा एक नातेवाईक तेव्हा म्हणाला, "तुमच्या त्या मानवी सुरक्षेत आमचा बाग बसतो की नाही?" मी म्हटलं, नाही बसत. त्याचं नुकसान खरं होतं आणि निर्यातीच्या धोरणात त्याची दखल घ्यायलाच हवी. पण त्याच संघर्षात येमेनमधल्या ज्या घरात पीठ संपलं होतं, त्याच्या रांगेत त्याला उभं करता येत नाही. तो माझ्यावर थोडा रुसला.

ही रांग लावायचं काम मानवी सुरक्षेवरच्या आयोगाने 2003 च्या अहवालात केलं. सादाको ओगाता आणि अमर्त्य सेन हे त्याचे सहअध्यक्ष होते. त्यांनी सात पैलूंची यादी बाजूला ठेवली आणि म्हटलं की माणसाच्या जगण्याचा जो गाभा आहे, त्याला गंभीर आणि व्यापक धोक्यांपासून वाचवणं म्हणजे मानवी सुरक्षा. शिवाय वाचवणं एकट्याने पुरत नाही, लोकांना स्वतःचं रक्षण करण्याइतकं बळही यायला हवं. वरून संरक्षण, खालून सामर्थ्य. गंभीर आणि व्यापक, हे दोन शब्द गाळणीचं काम करतात.

ओगाताबाईंचं नाव आलंच आहे तर त्यांचा 1991 चा निर्णय सांगतो, कारण धोरण म्हणजे काय ते त्यात दिसतं. आखाती युद्धानंतर सद्दामच्या फौजेपुढून लाखो कुर्द डोंगरांत पळाले. इराणने सीमा उघडी ठेवली, तुर्कस्तानने बंद केली. सीमेच्या अलीकडे, इराकच्याच हद्दीत, माणसं थंडीत अडकली. ओगाता तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या प्रमुख होत्या, पदावर येऊन काही महिनेच झाले होते. कायदा सांगत होता की सीमा ओलांडली तर निर्वासित, नाही ओलांडली तर तो त्या त्या देशाचा अंतर्गत प्रश्न. त्यांच्याच संस्थेत दोन मतं होती. आत जाऊन मदत केली तर आश्रय मागण्याचा हक्कच कमकुवत होईल, शेजारी देश उद्या खुशाल दारं लावतील, अशी एका बाजूची भीती होती, आणि ती खोटी नव्हती. ओगातांनी आत जाऊन मदत करायचं ठरवलं. माणूस रेषेच्या कुठल्या बाजूला आहे यावर त्याचा जीव अवलंबून राहू नये, असा हिशेब. पण हे शक्य झालं कारण अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सच्या फौजा तिथे उतरल्या होत्या आणि वरून विमानं फिरत होती. हा भाग लोक सोयीने विसरतात.

म्हणजे 'सैन्य नसलेली सुरक्षा का' याचं उत्तर सरळ 'नाही' असं आहे. जुलै 1995 मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनिकात काय झालं? सुरक्षा परिषदेने ते गाव 'सुरक्षित क्षेत्र' म्हणून जाहीर केलेलं होतं, डच शांतिसैनिक तिथे हजर होते, आणि तरीही सुमारे 8,000 मुसलमान पुरुष आणि मुलगे सर्ब फौजेकडून मारले गेले. हलकी शस्त्रं, अपुरी माणसं आणि वेळेवर न आलेली हवाई मदत. ठराव कागदावर राहिला. माणसांना वाचवायचं म्हणत असाल तर त्या शब्दामागे बळ लागतं, आणि ते वापरायची परवानगीही लागते.

युद्धांच्या ब्रिटिश अभ्यासक मेरी काल्डोर यांच्या गटाने 2004 मध्ये युरोपीय संघाला एक अहवाल दिला. त्यात 15,000 जणांच्या अशा एका दलाची कल्पना होती, ज्यात एक तृतीयांश बिगरलष्करी असतील: पोलीस, वकील, डॉक्टर, अभियंते. हे दल उभं राहिलं नाही. मला कल्पना आवडली होती. तळावर मला दहा वेळा वाटलं होतं की एक प्लाटून कमी द्या, पण पंचनामा करू शकेल असा एक पोलीस अधिकारी द्या. आमच्याकडे पकडलेल्या माणसाचं पुढे काय करायचं ते कुणालाच ठाऊक नसायचं. दोन दिवसांनी तो बाजारात दिसायचा.

याच्या उलट टोकाची भीती म्हणजे मानवी सुरक्षेच्या नावाखाली बॉम्ब टाकणं. ती भीती 2011 मध्ये लिबियात खरी ठरली असं मी मानतो. 17 मार्चला सुरक्षा परिषदेने 1973 क्रमांकाचा ठराव केला. नागरिकांच्या रक्षणासाठी आवश्यक ते सगळे उपाय, मात्र परकीय ताबा नाही, असा त्याचा आशय. भारत, ब्राझील, चीन, जर्मनी आणि रशिया तटस्थ राहिले. गद्दाफीच्या फौजा बंडखोरांच्या बेनगाझी शहरावर चालून येत होत्या, ते संकट टळलं हे मान्य करायला हवं. पण मोहीम तिथे थांबली नाही. ऑक्टोबरमध्ये लिबियाचा हुकूमशहा गद्दाफी मारला जाईपर्यंत ती चालली. मग देश दुभंगला, शस्त्रसाठे फुटले, बंदुका सहारा ओलांडून मालीत पोचल्या आणि 2012 मध्ये तिथे बंड पेटलं. सीरियाचा विषय आला तेव्हा रशिया आणि चीनने नकाराधिकार वापरला आणि लिबियाकडे बोट दाखवलं. बेनगाझी वाचवण्याची किंमत एका अर्थाने सीरियातल्या अलेप्पो शहराने मोजली.

तुझ्या अभ्यासासाठी एक फरक पक्का लक्षात ठेव, कारण पाठ्यपुस्तकं इथे घोळ घालतात. लिबियात वापरलं गेलं ते 'संरक्षणाची जबाबदारी' हे तत्त्व. ते 2001 च्या एका आंतरराष्ट्रीय आयोगातून आलं आणि 2005 च्या जागतिक शिखर परिषदेत मान्य झालं. ते फक्त चार गोष्टींपुरतं आहे: वंशसंहार, युद्धगुन्हे, वांशिक निर्मूलन आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे. मानवी सुरक्षा वेगळी. सप्टेंबर 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने 66/290 या ठरावात मानवी सुरक्षेचा अर्थ ठरवला, तेव्हा हे स्पष्टच लिहिलं की तिच्यात बळाचा वापर किंवा त्याची धमकी येत नाही आणि ती देशाच्या सुरक्षेची जागा घेत नाही. लिबियानंतर दीड वर्षाने हे लिहावं लागलं यातच सगळं आलं.

या विचाराने प्रत्यक्ष बदललेली सगळ्यात ठळक गोष्ट म्हणजे भूसुरुंग. मी सुरुंग पेरण्याचं प्रशिक्षण घेतलेला माणूस आहे, म्हणून सांगतो. सेनापतीच्या नकाशावर सुरुंगपट्टा म्हणजे स्वस्तातला पहारेकरी. तो झोपत नाही, पगार मागत नाही. पण तह झाल्याचंही त्याला कळत नाही. वीस वर्षांनी शेतकऱ्याचा नांगर त्यावर पडतो. प्रश्न सेनापतीच्या बाजूने न विचारता शेतकऱ्याच्या बाजूने विचारला आणि 1997 मध्ये माणसांविरुद्धच्या भूसुरुंगांवर बंदी घालणारा ओटावाचा करार झाला. कॅनडाचे परराष्ट्रमंत्री लॉईड ॲक्सवर्दी यांनी निरस्त्रीकरणाच्या नेहमीच्या संथ मंचांना बगल देऊन तो घडवला. 160 हून जास्त देश त्यात आले. भारत, पाकिस्तान, चीन, अमेरिका आणि रशिया आले नाहीत. आणि 2025 मध्ये फिनलंड, पोलंड आणि तिन्ही बाल्टिक देशांनी बाहेर पडायचं ठरवलं, कारण शेजारी रशिया आहे. मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण हेही पाहून ठेव: शेजारच्या फौजेची भीती वाढली की आधी शेतकऱ्याचा नांगर नकाशावरून पुसला जातो.

आता मला सगळ्यात आवडणारं उदाहरण. ते फारसं कुणी सांगत नाही, कारण त्यात नाट्य नाही.

काँगोत गावकऱ्यांना विचारलं की सगळ्यात जास्त त्रास कुणाचा, तर पुष्कळदा उत्तर यायचं, सरकारी सैनिकांचा. कारण साधं होतं. पगार वरिष्ठांच्या हातून खाली यायचा आणि वाटेत जिरायचा. उपाशी सैनिक नाका लावायचा आणि बाजाराला निघालेल्या बाईकडून कोंबडी किंवा कसावाचं पीठ काढून घ्यायचा. युरोपीय संघाने 2005 मध्ये तिथल्या लष्कराच्या सुधारणेसाठी एक छोटी सल्लागार मोहीम पाठवली. तिने सैनिकांची शिरगणती केली, बोटांच्या ठशांची ओळखपत्रं दिली आणि पगाराची साखळी हुकमाच्या साखळीपासून वेगळी काढली. ज्याच्या हुकमात सैनिक, त्याच्या हातात त्याचा पगार नाही. यादीतली हजारो बनावट नावं गळाली. सैनिकाच्या हातात पैसे पडले तर नाक्यावर कोंबडी सुटण्याची शक्यता वाढते. हा अर्थशास्त्राचा उपाय म्हणायचा, लष्करी म्हणायचा की मानवी सुरक्षेचा? तिन्ही. पण गावातल्या बाईला कुणाची भीती वाटते हे विचारल्याशिवाय तो सुचला नसता. रायफली आणि जीपगाड्या देणारे देश रांगेने उभे होते, हे वेगळं सांगायला नको.

आणि जिथे विचारलं गेलं नाही तिथे काय होतं तेही काँगोतच घडलं. 2010 च्या जुलैअखेरीस वालिकाले भागातल्या लुवुंगी आणि आसपासच्या गावांत बंडखोर घुसले आणि चार दिवसांत तीनशेहून जास्त लोकांवर बलात्कार झाले. संयुक्त राष्ट्रांचा तळ सुमारे 30 किलोमीटरवर होता. तो भारतीय तुकडीचा होता, हे मी झाकणार नाही. गावांत फोनला रेंज नव्हती. त्या दिवसांत रस्त्यावरून गस्त गेलीही, पण काय घडतंय ते तिला कळलं नाही, भाषेचीही अडचण होती. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे अधिकारी अतुल खरे यांनी सुरक्षा परिषदेपुढे आपण कमी पडलो हे मान्य केलं. त्यानंतर तळातळांवर स्थानिक भाषा बोलणारे संपर्क सहायक नेमायला जोर आला, आणि गावातल्या ठरावीक माणसांकडे फोन किंवा रेडिओ देऊन इशाऱ्याचं जाळं विणलं गेलं.

लढाई चालू असतानाही हा विचार लागू पडतो का, असं तू विचारलं होतंस. पडतो. जुलै 2022 मध्ये इस्तंबूलला रशिया आणि युक्रेन यांनी तुर्कस्तान आणि संयुक्त राष्ट्रांच्या मध्यस्थीने काळ्या समुद्रातून धान्य जाऊ देण्याचं मान्य केलं. दोघंही एकमेकांवर क्षेपणास्त्रं टाकत होते आणि त्याच समुद्रातून गव्हाची जहाजं जात होती. वर्षभरात सुमारे 3 कोटी 30 लाख टन धान्य गेलं. जुलै 2023 मध्ये रशिया बाहेर पडला. तो करार शांततेचा नव्हता, त्याने युद्ध एक दिवसही कमी केलं नाही. पण सोमालियाचा जवळपास सगळा गहू या दोन देशांतून यायचा, हे कुणीतरी धरून ठेवलं म्हणून तो झाला.

भारताबद्दल थोडक्यात. या शब्दाकडे आपण संशयाने बघतो, आणि त्याला इतिहास आहे. परक्या फौजा 'लोकांच्या भल्यासाठी' आलेल्या आपण पाहिल्या आहेत. तो संशय मला रास्त वाटतो. पण शांतिसेनेत आपण अडीच लाखांहून जास्त सैनिक आजवर पाठवले, आणि त्यांनी तिथे काय शिकलं ते आपल्या धोरणाच्या भाषेत फारसं उतरत नाही, हे मला खटकतं. 2007 मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या बायकांची तुकडी लायबेरियात गेली, जगातली अशी पहिली. मनरोव्हियाच्या रस्त्यावर त्या उभ्या राहिल्याने काय फरक पडला, हे आपण भाषणात अभिमानाने सांगतो. पुढच्या तुकड्या कशा घडवायच्या हे ठरवताना त्याचा किती विचार होतो, हा वेगळा प्रश्न.

प्रबंधासाठी विषय शोधत होतीस ना? कुठल्याही एका मोहिमेचे कागद काढ. आदेशात 'नागरिकांचं संरक्षण' हे शब्द बहुतेक सापडतीलच, तिथे थांबू नकोस. स्थानिक भाषेच्या दुभाष्यांची किती पदं मंजूर आहेत, त्यांतली किती भरली आहेत, त्यांत बायका किती, आणि गस्तीचं वेळापत्रक कुणाला विचारून ठरतं, ते बघ. वेळापत्रक सहसा मिळत नाही. पदांचे आकडे अर्थसंकल्पाच्या परिशिष्टात असतात.